मुलांवरून बाप

डॉक्टर काझींनी उठून दार लावून घेतलं, तेव्हाच वेदांगी सावध झाली. गेल्या दीड वर्षात चिपळूणच्या या दवाखान्यात ती कितीदा आली असेल, पण हे दार कधी लागलं नव्हतं. आणि तिच्या नवऱ्याला, सुयोगला, कधी बाहेर थांबवलं नव्हतं.

"सुयोग आत का नको?" तिनं विचारलं.

"कायदा बदललाय," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे भ्रूण गोठवले तेव्हा जुना कायदा होता. आता जे वाचलं ते सांगावंच लागतं. आणि आधी सांगायचं ते जिच्या पोटात भ्रूण ठेवायचा तिला, एकटीला. तिच्यावर कुणाचा दाब येऊ नये म्हणून."

"पण आमचं तर ठरलं होतं. मूक निवड."

"मूक निवड बंद झाली, वेदांगी."

सुयोगचे वडील अनंत पालशेतकर मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते. चाळिशी उलटली आणि त्यांचा तोल जाऊ लागला. बंदरावर लोक म्हणायचे, पालशेतकर सकाळीच लावून येतो. त्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पुढं हात आपोआप नाचायला लागले, भाताचा घास तोंडापर्यंत पोचेना. मग संताप, मग विसर. एक दिवस त्यांनी सुयोगला विचारलं, तू कुणाचा रे? रोगाचं नाव कळलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. हंटिंग्टन.

माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक असतं. त्यात सी, ए, जी अशी तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. वाचताना अडखळलेलं मूल एकच शब्द घोकत बसतं, तशी. वीस-पंचवीसदा आली तर काही बिघडत नाही. चाळिशीच्या पलीकडे गेली की मात्र ऐन उमेदीत मेंदूतल्या पेशी मरायला लागतात. नवी औषधं फार तर वर्षभर लांबवतात, थांबवत नाहीत. आईला किंवा बापाला हा रोग असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. वेदांगी शाळेत गणित शिकवायची. नाणेफेकीचं उदाहरण वर्गात तिनं कितीदा दिलं होतं, पण घरी तो विषय कधी काढला नव्हता.

सुयोगनं स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती. "ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून मी आजारी," तो म्हणायचा. "त्यापेक्षा न कळलेलं बरं." पण मूल हवं होतं, आणि मुलाला हे द्यायचं नव्हतं. म्हणून मूक निवड. प्रयोगशाळेनं भ्रूण वाचायचे, निरोगी असेल तो ठेवायचा आणि आईबापांना चकार शब्द सांगायचा नाही. पुढं कुठल्याशा शहरातल्या एका केंद्रानं या मुकेपणाच्या आडून रंग नि उंची बघून भ्रूण निवडायला सुरुवात केली. प्रकरण कोर्टात गेलं, देशभर गाजलं, आणि नवा कायदा आला. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

"चार भ्रूण आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एक निरोगी आहे. तिघांत ते जनुक बिघडलेलं आहे."

वेदांगीच्या घराण्यात हा रोग नव्हता. तिची तपासणी आधीच झाली होती. मग ते बिघडलेलं जनुक आलं कुठून, याला दुसरं उत्तरच नव्हतं.

"म्हणजे सुयोगला आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

डॉक्टरांनी मान डोलावली. "अजून एक आहे. तेही सांगणं मला भाग आहे."

नवं यंत्र भ्रूणाला हातही लावत नसे. भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्यात त्याच्या जनुकांचे तुकडे सांडलेले असतात. यंत्र ते गोळा करायचं आणि फाटलेलं पुस्तक जोडावं तसं जोडायचं. एका भ्रूणात बाप निम्माच असतो. पण चार भ्रूण शेजारीशेजारी ठेवले की त्यांच्यातून बाप जवळजवळ पुरा उभा राहतो, त्याच्या रक्ताचा थेंबसुद्धा न घेता. ती तीन अक्षरं त्याच्यात कितीदा आलीत, रोगाला घाई करणारी किंवा आवरून धरणारी इतर जनुकं कोणती आहेत, सगळं कळतं. त्यावरून यंत्र रोग सुरू होण्याचं वय काढतं.

"एक्केचाळीस," डॉक्टर म्हणाल्या. "एखादं वर्ष इकडेतिकडे. पण बारीकसारीक खुणा कधीकधी त्याआधी काही वर्षं दिसू लागतात. हातातून वस्तू निसटते. माणूस उगाच चिडतो. अंतराचा, वेगाचा अंदाज चुकतो."

सुयोग येत्या श्रावणात सदतीस पुरे करणार होता. खाडीवरची फेरीबोट तो चालवत होता. गाड्या, माणसं, शाळेची पोरं, सगळं या काठावरून त्या काठावर तोच न्यायचा.

"हे तुम्ही त्याला सांगणार?"

"भ्रूण तुमच्या गर्भाशयात ठेवला की कायद्यानं ते बाप ठरतात. मग त्यांना इथं बोलावून सगळं सांगावं लागेल. वयासकट. नको म्हणायची सोय ठेवलेली नाही."

"आणि ठेवलाच नाही तर?"

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. "तर अहवाल कायमचा बंद. त्यांना कुणीही काही सांगणार नाही."

जिना उतरताना वेदांगीनं कठडा घट्ट धरला होता. सुयोग गाडीला टेकून शेंगदाणे खात होता. तिला बघताच त्यानं पुडी मुठीत चुरगळली.

"हो की नाही, तेवढंच सांग," तो म्हणाला. "बाकी मला काही नको."

"नाही," ती म्हणाली. "बाहेर काढल्यावर वाढलेच नाहीत. एकही."

त्यानं पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चल. पुन्हा करू. तू दमली असशील." आणि गाडीत बसल्यावर, मान वळवून, "माझ्यात काही खोट म्हणून नाही ना वाढले?"

"नाही रे," वेदांगी म्हणाली. त्या क्षणापासून ती भीतीच्या घरात राहायला गेली.

खोटं बोलणं सोपं होतं. बघणं अवघड होतं, आणि न बघता राहणं त्याहून अवघड. सकाळी तो चहाचा कप उचलायचा तेव्हा तिची नजर त्याच्या मनगटावर जायची. चप्पल घालताना तो एका पायावर उभा राहिला की ती हातातलं काम सोडून थांबायची. कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात गेली की हायसं वाटायचं, आणि दुसऱ्या कुलपापर्यंत ते हायसं टिकायचं नाही. एकदा तिनं मुद्दाम त्याला सुई ओवायला दिली, चष्मा सापडत नाही असं सांगून. त्यानं दोरा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात ओवून दिला. वेदांगी स्वयंपाकघरात जाऊन पदराआड रडली.

एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तो तिच्यावर खेकसला. सगळेच नवरे कधी ना कधी खेकसतात, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या कानात डॉक्टरांचं वाक्य घुमलं आणि ती पांढरीफटक पडली. "एवढं काय झालं तुला?" तोच वरमला. "चुकलं माझं." त्याच्या माफीनं ती आणखीच घाबरली. हा सुयोग बोलतोय, आणि मघाचा कोण होता?

शाळा खाडीपलीकडे होती. रोज सकाळी ती त्याच्याच बोटीनं जायची, आपल्याच वर्गातल्या पोरींच्या घोळक्यात. पूर्वी ती कठड्यापाशी उभी राहून पाण्याकडे बघायची. आता तिचं तोंड केबिनकडे असायचं. बोट समोरच्या जेटीला लागताना वेग कमी करायचा, प्रवाह जोखायचा, लोखंडी रॅम्प अलगद टेकवायचा. सगळा अंदाजाचा खेळ. रॅम्प टेकेपर्यंत वेदांगीच्या मुठी वळलेल्या असायच्या. बोटीवरच्या एवढ्या माणसांत हे आपल्या एकटीलाच माहीत आहे, हा विचार आला की ती पोरी मोजू लागायची. गप्प राहून ती नवऱ्याला वाचवत होती की या पोरींचा जीव टांगणीला लावत होती? रोज ती ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळी तो हसत घरी यायचा, आणि ती चहा टाकायला उठायची.

सासूबाईंनी ते ओळखलं. सुमतीबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. वेदांगी त्यांच्या मदतीला बसली तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "कधी कळलं तुला?"

"काय, आई?"

"मला नको शिकवू गो. तू त्याच्या पावलांकडे बघत्येस. मी त्याच्या बापाच्या पावलांकडे वर्षानुवर्षं तशीच बघत होत्ये."

वेदांगीच्या हातातलं आमसूल खाली पडलं. मग तिनं सगळं सांगितलं. एक्केचाळीस हा आकडा तेवढा सांगितला नाही. सुमतीबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हलला नाही, पण हातांनी एकच आमसूल दोनदा पालथं केलं.

"आई, तुमच्या वेळी हे यंत्र असतं तर?"

"तर काय. डाक्तर म्हणाली असती, हा नको. मी म्हटलं असतं, बरं, नको." त्यांनी हातातलं आमसूल पसरलं. "आणि सुयोग नसता. दुसरं कुणीतरी असतं. ते चांगलंच असतं, पण माझा सुयोग नसता. हे बरं झालं असतं की वाईट, ते एवढी वर्षं झाली, मला ठरवता येत नाही."

"त्याला सांगू का?"

"नको!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "त्याला काही झालेलं नाही अजून. खातोय, हसतोय. तू सांगितलंस की त्या दिवशीच त्याचं सगळं संपेल."

"आणि बोट?"

सुमतीबाई उठल्या. सुपं उचलून त्या घरात गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ओहोटीच्या सकाळी ते घडलं. बोट भरलेली होती. पलीकडची जेटी जवळ आली तरी वेग हवा तेवढा उतरला नाही, असं वेदांगीला वाटलं; पण तसं तर तिला रोजच वाटायचं. मग खाडकन आवाज झाला. रॅम्प काँक्रीटवर आदळला, दोन स्कूटर आडव्या झाल्या, माणसं एकमेकांवर कोसळली. नववीतली श्रावणी कठड्यावर तोंडघशी आपटली. तिचा पुढचा दात तुटला आणि हनुवटीवरून रक्त वाहू लागलं.

सगळे तिच्याकडे धावले. वेदांगी तिची वर्गशिक्षिका, पण ती धावली नाही. ती केबिनच्या काचेकडे वळली आणि सुयोगच्या हातांकडे बघत राहिली. सुकाणूवरचे ते दोन्ही हात स्थिर होते की थरथरत होते, उन्हाच्या तिरपेत तिला दिसेना. तिनं डोळे वर केले. सुयोग तिच्याकडेच बघत होता.

बोटीच्या इंजिनिअरनं दुपारी तपासणी केली. उजवीकडची मोटर उशिरा प्रतिसाद देत होती, असं निघालं. चूक सुयोगची नव्हती. किंवा दोन्ही मिळून झालं असेल. आता ते कुणालाच सांगता आलं नसतं.

संध्याकाळी शेवटची फेरी झाल्यावर तो घरी आला नाही. वेदांगी जेटीवर गेली तेव्हा तो रिकाम्या बोटीत दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता.

"बस," तो म्हणाला. ती बसली.

"बोट आदळली तेव्हा सगळे पोरीकडे बघत होते. तू माझ्या हातांकडे बघत होतीस."

ती दोरखंडाचा सुटलेला धागा ओढत राहिली.

"तू माझ्या आईसारखी बघतेस हल्ली. लहानपणी मला वाटायचं, आई बाबांवर एवढं प्रेम करते की नजरच हलत नाही. मोठा झाल्यावर कळलं, ती कसली नजर होती ते." त्यानं तिच्याकडे मान वळवली. "वाढलेच नाहीत, हे खोटं ना?"

"हो."

"किती होते?"

"चार. एक चांगला आहे."

तो झटकन उठला आणि पायाजवळची प्लास्टिकची बादली त्यानं लाथेनं उडवली. बादली कठड्यावर आपटून पाण्यात गेली. "विचारायचंस तरी मला! माझं आयुष्य होतं ते!" वेदांगी दचकून मागं सरली, आणि तिच्या डोळ्यांत जे उमटलं ते लपवायला तिला वेळ मिळाला नाही. सुयोगनं ते पाहिलं. तो हळूहळू खाली बसला.

"बघ," तो म्हणाला, "माझा रागसुद्धा आता माझा राहिला नाही."

ती त्याच्याजवळ सरकली. तिनं सगळं सांगितलं. कायदा, बंद होणारा अहवाल, तिनं का लपवलं ते. "डॉक्टरांनी एक वयही सांगितलंय," ती म्हणाली तेव्हा त्यानं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ते नको. ते राहू दे."

खाडीचं पाणी काळवंडत चाललं होतं. त्यानं विचारलं, "तो चांगला कुठाय?"

"दवाखान्यात. गोठवलेला."

"आणि बाकीचे तिघे?"

"चांगला ठेवला की बाकीचे नष्ट करायचे, असा नियम आहे."

"ते तिघे म्हणजे मी आहे, वेदा." तो शांतपणे म्हणाला, आणि त्या शांतपणानंच तिच्या अंगावर काटा आला. "तेव्हा यंत्र असतं तर मी त्या तिघांतला असतो. मला पोहायला आवडलं असतं की नाही, मी कुणाशी लग्न केलं असतं, हे कुणी विचारलंही नसतं. आणि तरी मी तोच चांगला निवडणार. बाबांना मी उचलून न्हाणीघरात नेलंय. माझ्या पोराला मी ते करायला लावणार नाही." तो तिच्याकडे वळला. "त्या तिघांपुढं मी गुन्हेगार की या एकाचा बाप? तू गणित शिकवतेस, तूच सांग."

तिनं त्याचा हात हातात घेतला. तो स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुयोगनं बोटीच्या मालकाला सांगितलं, मी सुकाणू धरणार नाही, धक्क्यावरचं काम द्या. कारण विचारल्यावर म्हणाला, त्या पोरीचा दात डोळ्यांपुढून जात नाही. मालकानं पुष्कळ समजावलं. मोटरचा दोष होता, तुझा नव्हता. सुयोग बधला नाही. घरी सुमतीबाईंनी हे ऐकलं आणि त्या समजल्या. मुलाच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि रोजच्यासारखं देवासमोर न बसता चुलीपाशी जाऊन बसल्या. दोन दिवस त्या वेदांगीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्या पानात वाढलं.

भ्रूण ठेवायच्या दिवशी दोघं पहाटेच निघाली. ते काम अगदीच थोडक्यात आटोपलं. पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला, नळीतून सरकला आणि थांबला. त्याच वेळी शेजारच्या खोलीत ते तिघे द्रव नायट्रोजनमधून बाहेर काढले जात होते. सुयोगनं विचारलं होतं, मला तिथं उभं राहता येईल का. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. तो वेदांगीच्या उशाशी उभा होता, पण त्याचे डोळे त्या बंद दारावर होते.

दुपारी डॉक्टर काझींनी त्याला हाक मारली. "तुम्ही एकटेच," त्या म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "माझा नाइलाज आहे, सुयोग. सगळं सांगावं लागेल. वयसुद्धा."

"मला नको असलं तरी?"

"नको असलं तरी."

त्यानं वेदांगीकडे पाहिलं आणि आत गेला. दार लागलं.

ती बाहेरच्या बाकावर पोटावर हात ठेवून बसली. दाराच्या या बाजूला बसणं आतल्या बाजूपेक्षा वाईट होतं. आता तो आकडा त्याच्या कानांत पडतोय. आता तो वर्षं वजा करतोय. आपलं मूल शाळेत जायला लागेल तेव्हा आपण कसे असू, याचा हिशेब करतोय. आत काही आपटल्याचा, ओरडल्याचा आवाज येतो का, म्हणून ती कान देऊन होती. काहीच आवाज येत नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं. पोटातल्या त्या ठिपक्याला ही भीती पोचत असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

दार उघडलं. सुयोग बाहेर आला, तिच्या शेजारी बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. तिनं रुमाल पुढं केला. विचारायचं काय?

तो म्हणाला, "हा आकडा तू त्या दिवसापासून घेऊन फिरत होतीस?"

"हो."

"माझ्याबरोबर जेवत होतीस, झोपत होतीस, बोटीत बसत होतीस. आणि हे पोटात."

"हो."

"एकटी."

आता मात्र तिला रडू आवरेना. त्यानं तिला जवळ घेतलं. जाणारी-येणारी माणसं बघत होती. कुणाला वाटलं असेल, यांचं मूल गेलं.

"ऐक," तो म्हणाला. "यापुढं चोरून बघू नकोस. उघड बघ. आणि दिसलं की मला सांग. पहिलं तूच सांग, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

"आणि मला चुकून दिसलं तर? नसताना?"

"तरी सांग. दोघं मिळून घाबरू."

तो उठला, तिची पिशवी खांद्याला लावली आणि जिन्यापाशी गेला. कठड्याला हात न लावता तो पायऱ्या उतरू लागला, एरवीपेक्षा सावकाश, तिला नीट दिसावं म्हणून. वेदांगी वरच्या पायरीवर उभी राहिली, डोळे पुसले, आणि त्याचं एकेक पाऊल बघू लागली.